नव्या शक्तियोजनांची पारख

धूर नाही, राख नाही, जीवहिंसाही अल्प, अशा शक्तिसाधनांचे आपल्या समाजास स्वाभाविकच आकर्षण वाटते. म्हणूनच एखाद्या नवलाच्या योजनेसाठी भांडवल मागणारा गृहस्थ पेढीवर आला, तर त्याच्या बोलण्यावर भाळणे अनुचित, तसेच त्याला हसून परत पाठविणेही अनुचित, असे आम्ही मानतो. अनेकान्ताची दृष्टी आपणांस वारशाने लाभली आहे. वस्तू सर्व अंगांनी पाहावी, हा तिचा व्यवहारातील बोध होय.

फ्रान्समधील एक उदाहरण घेऊ. नॉर्मंडीतील तुरूव्र या गावी डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर रस्त्यावर सौर पॅनेल अंथरण्यात आले. खर्च ५० लाख युरो झाला. अपेक्षा वर्षाला सुमारे दीड लाख युनिटांची होती. २०१८ साली जेमतेम ७८ हजार मिळाली. पॅनेल सूर्याकडे कललेले नव्हते. त्यांवर पालापाचोळा साचे आणि चाकांखाली ती झिजत.

परंतु खरा बोध याहून निराळा आहे. अपेक्षित उत्पन्न वीस वर्षे अखंड मिळाले असते, तरी ३० लाख युनिटे झाली असती. म्हणजे व्याज व दुरुस्ती सोडूनही युनिट सुमारे १.६७ युरोस पडते. त्या काळी तेथील घरगुती वीज पाव युरोहूनही स्वस्त होती. हे त्रैराशिक पहिले पॅनेल बसविण्यापूर्वीच मांडता येण्याजोगे होते.

याउलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासण येथे २०१२ मध्ये नर्मदेच्या शाखा-कालव्यावर सुमारे ७५० मीटर लांबीचे सौर छत उभारले गेले. पुढे वडोदऱ्यानजीक दहा मेगावॉटचा असाच प्रकल्प झाला. कल्पना तीही नवलाचीच. पण जमीन वाचली आणि पाण्याचे बाष्पीभवन घटले. लोखंडी सांगाड्याचा वाढीव खर्च मात्र नावे मांडला पाहिजे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी तीन प्रश्न विचारावेत. वर्षभरात प्रत्यक्ष मोजलेली युनिटे किती? मुद्दल, व्याज, दुरुस्ती व घसारा धरून युनिट कितीला पडते? आणि तेच भांडवल आपल्या गोदामाच्या छपरावरील साध्या पॅनेलांत गुंतविले, तर काय पदरी पडेल?

मुठीतील नमुना पाहून आपण गाडीभर धान्य घेत नाही. पोत्याच्या तळचा दाणाही पाहतो. शक्तियोजनेलाही तोच न्याय लावावा.