वणवा : आकाशातले पाणी आणि जमिनीवरची जाळरेषा

मे २०१६ च्या आरंभी उत्तराखंडातील जंगले पेटली, तेव्हा भारतीय हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमताल तलावातून पाणी उचलून वणव्यावर ओतले. हेलिकॉप्टरखाली दोराने टांगलेल्या बादलीत सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी मावते. युरोपात तर खास विमाने जलाशयावरून सरकत बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी भरून घेतात. दृश्य भव्य असते, यात शंका नाही.

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर मात्र फाल्गुन-चैत्रात पेटते ते मुख्यतः वाळलेले गवत. खालापूर तालुक्यात मोरबे धरणाचे पाणी जवळ असले, तरी दूरच्या तळावरून हेलिकॉप्टर येईपर्यंत उतार काळा झालेला असतो. शिवाय वरून ओतलेल्या पाण्याने ज्वाळा दबतात. धुमसणारी खोडे माणसांनाच विझवावी लागतात. म्हणून येथे खरा भरवसा जाळरेषेचा. वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच गवताचा पट्टा कापून वा जाळून मोकळा केला, की आग तेथे अडते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ याबाबत स्पष्ट आहे. राखीव वा संरक्षित वनात हक्क बजावणारे, तसेच वनालगतच्या गावातील शासकीय सेवक, यांनी वनगुन्ह्याची खबर दिली पाहिजे आणि कोणी सांगो वा न सांगो, वणवा विझविण्यास लागले पाहिजे. हे कलम ग्रामसभेत क्वचितच वाचले जाते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठवते. पण उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो. एरवी धूर प्रथम दिसतो तो गुराख्याला.