आजाऱ्याजवळ बसणाऱ्या ताईसाठी
(बैठकीतला विषय : आरोग्य)

ताईंनो, आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. बैठकीत आपण आजाऱ्याची विचारपूस करतो, पण त्याची सेवा करणारीला "तू कशी आहेस?" असं विचारायचं राहून जातं.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजारानं गांजलेली घरं आहेत. किडनी निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास. घरधनी मशीनवर, बाई बाहेर बाकावर. मजुरी बुडते, एसटी गाठायची असते. अशा बाईला "सगळं ठीक होईल, देवाचे आभार मान" म्हटलं तर राग येणारच. कारण डायलिसिसनं किडनी बरी होत नाही, तिचं काम तेवढं मशीन करते, हे तिला माहीत असतं.

मग आशा कशी धरायची? आपण बचत करतो तशी, थोडी थोडी. "या आठवड्यात एकही डायलिसिस चुकणार नाही", "डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच पाणी मापून देईन" ही झाली आठवड्याची आशा. गजानन महाराजांना नवस जरूर बोला, पण उपचाराचा दिवस चुकवू नका.

आणि आभार? रोज रात्री एक नाव आठवा. आज शेजारणीनं म्हशीची धार काढली, जावेनं पोरांना जेवू घातलं. वहीत लिहून ठेवा. महिन्यानं वही उघडली की कळतं, आपण एकट्या नाही. आणि उद्या अडलं तर कोणाला हाक मारायची तेही कळतं. आजाऱ्यालाही झेपेल असं काम द्या : डाळ निवडणं, नातवाचा अभ्यास घेणं. "तुम्ही होता म्हणून झालं" हे शब्द त्यालाही हवे असतात.

रडू आलं तर रडा. त्यानं सेवा कमी होत नाही. मात्र स्वतःचं जेवण आणि झोप टाळू नका.

पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना कागदपत्रं विचारा.

बैठकीत बोलूया :
१. आपल्या गटात कोणाच्या घरी दीर्घ आजार आहे?
२. तिच्या दवाखान्याच्या दिवशी घर, गुरं, मुलं कोण पाहील?
३. तिची बचत किंवा हप्ता थकला तर गट काय करेल?

ठरलेलं इतिवृत्तात नावासह लिहा, आणि पुढच्या बैठकीत आधी तेच वाचा.