समितीत तिचीही खुर्ची हवी



या महिन्याचा अभ्यासाचा विषय थोडा अवघड आहे. बचत आणि कर्जाचं काम आटोपलं की अर्धा तास राखून ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.

आपला महासंघ मानसिक आरोग्याच्या कामासाठी समिती नेमणार आहे. गावांकडून नावं आली ती चांगलीच आहेत. आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, सीआरपी आहेत. पण जिला हा आजार होऊन गेलाय आणि जी आज गोळ्या घेत घर, शेत सांभाळते, अशा एकीचंही नाव कुठून आलं नाही. सावेडीच्या बैठकीत हे विचारलं तेव्हा एक ताई सरळच म्हणाल्या, "जिला स्वतःचं भान नव्हतं, ती दुसऱ्याचं काय ठरवणार?"

हा प्रश्न पुष्कळ जणींच्या मनात आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट शोधू.

पहिली गोष्ट, आजार बहुतेक वेळा कायम एकसारखा नसतो. वाईट दिवस येतात आणि जातात. मधल्या काळात ती बाई तुमच्या-माझ्यासारखीच विचार करते. आणि तिला जे माहीत असतं ते मला सोशल वर्कच्या पुस्तकात मिळालेलं नाही. समजा, आपण तपासणी शिबिर ठेवलं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, भर चौकात, बाजाराच्या दिवशी. फलकावर मोठ्या अक्षरात 'मानसिक रुग्ण तपासणी'. कोण येईल? जी या वाटेनं गेलीय ती लगेच सांगेल, उपकेंद्रात ठेवा, बीपी-शुगरच्या तपासणीबरोबर ठेवा, म्हणजे कोण कशाला आलंय ते कुणाला कळणार नाही. रात्रीच्या गोळीनं सकाळी डोळे उघडत नाहीत, धारा काढायला उशीर होतो आणि सासू आळशी म्हणते, हेही तीच सांगेल. नाहीतर आपण नुसतं लिहू, 'रुग्ण गोळ्या घेत नाही.'

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. सुरुवातीला ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच होतं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. नव्यानं दाखल झालेला माणूस "तुम्हाला काय कळतंय?" म्हणाला, तर समोरचा सांगू शकतो, "मीही इथंच ॲडमिट होतो." ज्यांच्या घरात दारू आहे त्या ताईंना या एका वाक्याचं वजन वेगळं समजवायला नको. पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट सुरू केला. संस्थेला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं. मनोरुग्णालयाचा अनुभव त्या आईनं घेतलेला होता, आणि लेकीनं तो लहानपणापासून जवळून पाहिला होता. २०२४ मध्ये त्या गेल्या. ज्यांनी भोगलंय त्यांच्या म्हणण्यावरूनच सेवा कशी असावी ते ठरलं पाहिजे, ही मागणी त्यांनी देशाबाहेरही मांडली.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, लागू झाला २०१८ मध्ये. त्यानुसार राज्याच्या प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी असायला हवेत, आणि काळजी घेणाऱ्यांचे वेगळे दोन. म्हणजे राज्याच्या पातळीवर जे कायद्यानं मान्य आहे, ते आपण गावात अशक्य म्हणतोय.

रुग्णांच्या तक्रारी ऐकायला याच कायद्यात पुनर्विलोकन मंडळ आहे. तिथे मात्र दोन जागा रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्था यांच्यापैकी कुणालाही देता येतात. मला हे पटत नाही. नवरा, सासू, भाऊ यांचे हाल खरे आहेत, त्यांनाही बोलू द्यावं. पण घरच्यांना वाटतं तिनं शांत बसावं, आणि तिला वाटतं आपल्याला कामावर जाऊ द्यावं. दोन्ही एकच म्हणणं नाही. आपल्या गटात बाईच्या जागी नवरा येऊन बसला तर आपण तिची हजेरी लावतो का?

खुर्ची दिली म्हणून काम झालं असंही नाही. एकटीला बसवलं की ती गप्प बसते, म्हणून दोघी हव्यात. तिचा रोज बुडतो, तर रोज आणि एसटीचं भाडं द्यायचं, बाकीच्यांना पगार आहे हे लक्षात ठेवून. विषय आधी सांगायचे. दर कार्यक्रमात तिला उभं करून "तुझी कहाणी सांग" म्हणायचं नाही. सांगायची की नाही ते ती ठरवेल. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुणीही सुचवायचं नाही, नाहीतर गावभर होईल. मध्येच तब्येत बिघडली तर रजा, राजीनामा नाही. बाळंतपणात आपण सचिवाची जागा राखतोच की. आणि ठरावावर तिचं मत मोजायचं, इतिवृत्तात तिचं म्हणणं लिहायचं. नुसती सही घेतली तर त्यापेक्षा न बोलावलेलं बरं.

समितीशिवायही एक गोष्ट आत्ताच करता येते. उद्या आजारपणात आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकते. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो माणूस सज्ञान आणि तयार असावा लागतो. तो नवराच असला पाहिजे असं नाही, गटातली मैत्रीण चालते. कुणाला आत्ताच बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली मानस क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बैठकीत एवढं ठरवा: आपल्या गावातून दोघी येऊ शकतील का, त्यांना कोण, कुठे आणि कसं विचारेल. नावं फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्यांची तयारी असेल तर त्यांनी स्वतः मला सांगावं, नाहीतर बंद पाकिटात चिठ्ठी सावेडीच्या कार्यालयात द्यावी.