साखरेला पर्याय : गोड पाला, गोड ताटे आणि आपले आरोग्य



साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या पर्यायांवर लेख, याचे काहींना नवल वाटेल. पण सवलतीच्या साखरेचे पोते ज्या घरात येते, त्याच घरात आज मधुमेहाच्या गोळ्याही येतात. तेव्हा कोणत्या वनस्पतीची गोडी कोणाला चालते आणि कोणाला नाही, हे ऊस पिकवणाऱ्याने तरी नीट समजून घ्यावे.

१. नाव वेगळे, पण साखरच

"साखर सोडली, आता गुळाचाच चहा घेतो," असे मधुमेहाची मंडळी अभिमानाने सांगतात. पण गूळ काय, काकवी काय, दोन्ही उसाच्याच रसाची. १० ग्रॅम साखरेतून ४० उष्मांक मिळतात, तेवढ्याच गुळातून सुमारे ३८. गुळात थोडे लोह व क्षार असतात हे खरे. परंतु रक्तातली साखर तोही वाढवतो. नीरेचा गूळ आणि माडाचा गूळ यांची तीच गत. खारकेच्या पुडीत चोथा असतो, एवढाच फायदा.

याच गटात गोड ज्वारी येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) तिच्यावर बरीच वर्षे काम करून 'मधुरा' वाण तयार केला. कणसाचे दाणे घरात, ताटाचा रस काढून आटवला की काकवीसारखा पाक, आणि उरलेले चिपाड जनावरांना किंवा जळणाला. पीक साधारण चार महिन्यांचे, पाणी उसापेक्षा पुष्कळ कमी. रसात ग्लुकोज-फ्रुक्टोजचाही अंश असल्याने दाणेदार साखर सहज पडत नाही, म्हणून पाकच करतात. शेतकऱ्याला हे पीक उपयोगी, पण मधुमेह्याला हा पाक म्हणजे साखरच.

२. साखर नसलेली गोडी

खरा वेगळा पर्याय म्हणजे स्टेव्हिया, म्हणजेच मधुपर्णी. हिला कोणी गोड तुळस म्हणतात, पण ही झेंडू-शेवंतीच्या कुळातली. पॅराग्वेतले ग्वारानी लोक हिचा पाला पूर्वीपासून वापरत. बेर्तोनी या शास्त्रज्ञाने १८९९ साली तिची शास्त्रीय नोंद केली, आणि १९३१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पाल्यातले गोड द्रव्य वेगळे काढले. जपानात १९७० नंतरच्या दशकात वापर रुळला. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली परवानगी दिली. ही परवानगी शुद्ध केलेल्या अर्काला आहे. अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, आणि त्याने रक्तातली साखर वाढत नाही. मात्र बाजारातल्या पुडीत भर म्हणून दुसरी साखर मिसळलेली असू शकते. वेष्टन वाचूनच घ्यावे.

परसात दोन रोपे लावायची हौस असेल तर एक सांभाळावे. हिची मुळे वरच्यावर असतात, साचलेल्या पाण्यात कुजतात. आपल्या कोळवण खोऱ्यातला पाऊस आणि भातखाचराची जमीन तिला मानवणार नाही. कुंडी किंवा उंच वाफाच बरा. बी नीट उगवत नाही, फाटे लावावेत. फुले येण्यापूर्वी पाला काढावा, नंतर गोडी उतरते.

ज्येष्ठमधही गोड, पण तो औषध म्हणूनच घ्यावा. फार दिवस व जास्त घेतल्यास रक्तदाब चढतो. सह्याद्रीच्या रानातला बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार, याच्या उलट. तो चघळला की काही वेळ साखर मातीसारखी बेचव लागते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. साखर एकदम उतरू शकते.

३. घरात काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की दिवसाच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचे उष्मांक दहा टक्क्यांच्या आत असावेत. पाच टक्क्यांवर आणल्यास अधिक चांगले. म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर घेतली, की आठ चमचे तिथेच झाले. याच संघटनेने २०२३ साली असेही सांगितले की वजन उतरवण्यासाठी स्टेव्हियासारख्या गोड पदार्थांवर विसंबू नये. तेव्हा पहिला उपाय म्हणजे चहातला एक चमचा कमी करणे. त्याला पैसा पडत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. गोळ्या किंवा इंजेक्शन घेणारा माणूस उपाशीपोटी शेतात राबला आणि त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर साखर उतरली असे समजावे. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. तिथे मधुपर्णी काही कामाची नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

४. मग आपल्या उसाचे काय?

घाबरण्याचे कारण नाही. पाल्याच्या अर्काला गोडी आहे, पण वजन नाही. त्याचा पाक होत नाही, लाडू वळत नाहीत, साखरांबा टिकत नाही. जपानात स्टेव्हिया रुळूनही साखर बंद झाली नाही. शिवाय रस आणि मळी इथेनॉललाही लागते.

ऊस आपला आहे, तसे शरीरही आपलेच आहे. सवलतीची साखर जरूर न्यावी. पण घरात मधुमेह असेल तर ते पोते पाहुण्यांसाठी व सणावारासाठी पुरवून वापरावे, आणि गुळाच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत.