अंगदुखी आणि हातांनी केला जाणारा ‘मायोफेशियल रिलीज’ उपचार

बंगळूरूच्या पूर्व भागातील व्हाइटफील्ड येथे संगणक उद्योगातील नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे राहतात. दिवसभराचे बैठे काम आणि वाहतुकीच्या कोंडीतील प्रवास यांमुळे मान, खांदे व कंबर दुखणे ही नेहमीची तक्रार झाली आहे. अशा दुखण्यावर ‘मायोफेशियल रिलीज’ हा उपचार सुचविला जातो. तो घेण्यापूर्वी पुढील माहिती घरातील सर्वांनी वाचावी.

हा उपचार म्हणजे काय?
प्रत्येक स्नायूभोवती चिवट तंतूंचे पातळ आवरण असते. त्यास प्रावरणी किंवा फॅशिया म्हणतात. मटण साफ करताना मांसावर जो पांढरा पापुद्रा दिसतो, तो हाच. निरोगी अवस्थेत या आवरणाचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. दुखापतीनंतर किंवा तासन्‌तास एकाच स्थितीत बसल्याने स्नायू ताठरतो व दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी जाणवतात. उपचारात तज्ज्ञ अशा भागावर बोटांनी किंवा तळहाताने मंद दाब देतात व तो साधारण दीड ते पाच मिनिटे कायम ठेवतात. यात जोराने रगडणे किंवा हाडे ‘मोडणे’ नसते.

उपयोग किती?
मानदुखी व कंबरदुखीत काही रुग्णांना यामुळे थोड्या काळापुरता आराम पडतो. मात्र हातांच्या दाबाने आवरण कायमचे सैल होते, असे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम व रुग्णशिक्षण यांबरोबर मसाजलाही स्थान आहे. कंबरपट्टा व ट्रॅक्शन यांचा नित्य वापर मात्र करू नये, असे म्हटले आहे. म्हणून या उपचाराने मिळालेला आराम व्यायाम सुरू करण्यासाठी वापरावा. केवळ आडवे पडून घेतलेल्या उपचाराने दुखणे पुन्हा उद्भवू शकते.

आधी खात्री करा : दुखणे स्नायूचेच आहे ना?
पुढील लक्षणे असल्यास मालिश किंवा दाब देऊ नये. तातडीने रुग्णालयात जावे.
• एकाच पोटरीला सूज, ऊब व वेदना. विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा लांबच्या प्रवासानंतर
• छातीत दुखून कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, घाम येणे, धाप लागणे
• कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणे
• पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे
• दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे

पोटरीच्या शिरेतील रक्ताची गुठळी दाबाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दिल्लीत २०१६ मध्ये प्लास्टर काढल्यानंतर दुखणाऱ्या पायाला आईने मायेने मालिश केले आणि याच कारणाने तरुण मुलाचा मृत्यू झाला. घरोघरी मालिशची परंपरा असल्याने ही गोष्ट वडीलधाऱ्यांनाही अवश्य सांगावी.

गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हाडे ठिसूळ झालेले व कर्करोगाचे रुग्ण यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा उपचार घेऊ नये.

तज्ज्ञ निवडताना
भौतिकोपचार हा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या कक्षेत येणारा व्यवसाय आहे. उपचारकाची भौतिकोपचारातील पदवी व नोंदणी यांविषयी निःसंकोच विचारावे. चांगला तज्ज्ञ आधी तपासणी करतो, औषधांची चौकशी करतो आणि घरी करावयाचे व्यायाम शिकवतो. ‘सर्व आजार बरे करतो’ असा दावा करणाऱ्यापासून दूर राहावे. उपचारानंतर एक-दोन दिवस किंचित दुखणे स्वाभाविक आहे. मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवल्यास उपचार थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

घरी काय करावे?
• दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे.
• पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी.
• ताठर भागाला सोसेल इतपत कोमट शेक द्यावा. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी शेक टाळावा.
• दुखणे कमी असतानाही शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत.

तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.