धनगरी लोकरीचा स्वेटर विणता येईल का?

प्रश्न : आमच्या रानात कांदा निघाला की दरवर्षी मेंढ्या बसवतो. यंदा मेंढपाळांच्या वाड्यावरून काळी लोकर मागून घेतली आणि ओळखीच्या आजींकडून तिचं जाडसर सूत कातून घेतलं. स्वेटर विणायला बसले, तर सूत टोचतं आणि विणलेला तुकडा एका बाजूला तिरका ओढला जातो. ही लोकर विणकामाच्या कामाचीच नाही का?
— एक वाचिका, जुन्नर तालुका

उत्तर : कामाची आहे, आणि चांगलीच आहे. फक्त उघड्या अंगाला लागेल असं काही तिचं विणू नका.

जुन्नर-आंबेगावच्या रानांत बसतात त्या बहुतेक दख्खनी मेंढ्या. स्वेटरसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण 20 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तंतू 30 मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचं टोक त्वचेवर वाकत नाही, रुततं. दख्खनी लोकरीत असे तंतू भरपूर, शिवाय आतून पोकळ असे राठ केसही असतात. म्हणून ती टोचते. धुण्यापिंजण्यात कसूर राहिली म्हणून नव्हे. दुकानातला मऊ गुंडा पुष्कळदा लोकरीचा नसतोच, ॲक्रिलिकचा असतो. त्याच्याशी तुलना करून या लोकरीला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

मऊपणाच हवा असेल तर पुढच्या वेळी जावळ मागा. कोकराची पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यांत तलम असते, म्हणूनच जावळाच्या घोंगडीला मान आहे.

तुकडा तिरका जातो तो सुतामुळे. घोंगडीसाठी कातायची सवय असलेला हात एकपदरी सुताला भक्कम पीळ देतो. मागावर ताणलेल्या ताण्याला तो लागतोच, वर चिंचोक्याची खळही बसते. सुयांवर मात्र तोच पीळ उलगडू पाहतो आणि टाके कलतात. आजींना पीळ कमी द्यायला सांगा, किंवा दोन पदर घेऊन उलट्या दिशेने एकत्र पिळा. तयार सूत वाया घालवायचं नसेल तर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सपाट विणू नका. दोन्ही बाजूंनी सुलटच विणा, ताण बराच सावरतो. नेहमीच्या 10 नंबरच्या सुया सव्वातीन मिलिमीटरच्या असतात. तुमच्या सुताला 2 किंवा 0 नंबरची सुई लागेल, म्हणजे सात-आठ मिलिमीटरची. वीण सैल ठेवा. घट्ट विणलंत तर पाटासारखं कडक होईल.

विणण्याआधी गोखरू, कुसळं, लेंड्यांचे कण हाताने वेचून काढा. याला वेळ जातो, पण टाळू नका. सूत कोमट पाण्यात रिठा घालून नुसतं बुडवून ठेवा. चोळू नका, गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यातही टाकू नका. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ते घासणीने एकमेकांत अडकतात आणि लोकर दाट थापली जाते. लोकर न विणता थापून जेन, म्हणजे जाड बैठक, बनवणारे कारागीर हाच गुण मुद्दाम वापरतात.

आता विणायचं काय? सदऱ्यावरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट, खांद्यावरची शाल, बसायचं आसन, पिशवी. आइसलंडमध्येही लोपी नावाच्या जाड, जवळजवळ बिनपिळाच्या राठ लोकरीचे स्वेटर विणतात आणि लोक ते आतल्या कपड्यावरून घालतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. घाटाकडच्या पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावर घेतात ते उगाच नाही.

एक मात्र आवर्जून सांगतो. आज मेंढ्या मुख्यतः मटणासाठी पाळल्या जातात. लोकरीला मिळणाऱ्या भावात कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर कित्येकदा रानातच टाकून दिली जाते. माडग्याळ जातीशी संकर वाढला आणि त्या मेंढीच्या अंगावर लोकर थोडीच. पुढच्या कातरणीला वाड्यावर जाल तेव्हा लोकर फुकट आणू नका. काळी, करडी, पांढरी वेगवेगळी निवडून मागा आणि त्या निवडीचे पैसे मेंढपाळाच्या हातात द्या.