तुळस आणि तिची भावंडे

आषाढीच्या वाटेवर आटपाडीकडच्या एका माउलीने विचारले, "महाराज, बाजारातनं तुळशीचं बी आणून वृंदावनात टाकलं, पण उगवलं भलतंच. पान मोठं, गुळगुळीत, तुरा पांढरा. उपटू का ठेवू?"

तो होता सब्जा. तुळशीचा सख्खा भाऊच म्हणा ना, पण तुळस नव्हे.

ओळख सोपी आहे. पान चुरगाळा. तुळशीला लवंगेसारखा तिखट वास येतो, कारण लवंगेतले युजेनॉल नावाचे द्रव्य तिच्याही तेलात असते. तिच्या कोवळ्या खोडावर बारीक लव असते, सब्जा बहुधा गुळगुळीत. सब्जा एका हंगामात वाळतो. तुळस दोनतीन वर्षे टिकते, खोड लाकडासारखे होते. त्या काष्ठाचेच मणी आपल्या गळ्यात असतात.

चौकोनी खोड, समोरासमोर पाने, दोन ओठांचे फूल आणि प्रत्येक फुलामागे चार बिया, ही या घराण्याची खूण. पुदिना नि मरवाही याच कुळातले. हिरवी आणि काळी तुळस मात्र निराळ्या जाती नव्हेत. एकाच जातीचे ते दोन रंग. म्हणून अंगणात दोन्ही असल्या की रोपे मिसळ निघतात, त्यात बियाचा दोष नाही. पुरुषभर वाढणारी रानतुळस वेगळी. कापूरतुळस तर पूर्व आफ्रिकेतून आलेली पाहुणी.

या कुळाची एक लेक सातारकरांच्या डोंगरावर राहते. कासच्या पठारावर पावसाळ्याअखेर जांभळी मंजिरी फुलते. नावात मंजिरी असली तरी ती तुळस नव्हे. कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात ती वाढते. कुंडीत आणली तर जगायची नाही. २०१२ साली हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, तरी देवाला वाहायला म्हणून मूठभर तुरे खुडणारे भेटतातच. बी पडण्याआधीच तुरा खुडला, तर पुढल्या साली तिथे काय उगवणार?

घरच्या तुळशीचे नेमके उलटे. तिच्या मंजिऱ्या खुडाव्यात. बी धरू दिले की फांद्या लवकर निबर होतात. एखादा तुरा तेवढा बियासाठी वाळू द्यावा.

त्या माउलीला सांगितले, सब्जा उपटू नका, परसात हलवा. उन्हाळ्यात सरबताला बी होईल. वृंदावनात शेजारणीच्या अंगणातले रोप आणून लावा. बीच टाकायचे तर राखेत मिसळून मातीवर नुसते भुरभुरावे, खोल पुरू नये.